दात गेले म्हणून भाकर सोडू नका

पौर्णिमेला विहारात भोजनदान असले की पंगतीत एक गोष्ट हमखास दिसते. म्हाताऱ्या आज्या भाकर रश्श्यात चुरतात आणि ती पार गळेपर्यंत वाट पाहत बसतात. हरभऱ्याची उसळ पानाच्या कडेला तशीच राहते. वाढणाऱ्या पोरीला हाक मारून त्या भात तेवढा मागून घेतात. जेवण झाल्यावर फोटो काढायची वेळ आली की पदर तोंडावर जातो. "आजी, दात का नाही बसवून घेत?" असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, "आता कितीक दिवस राह्यले बाप्पा! कायले दातापायी पैसे घालता?"

कितीक दिवस राहिले ते कोणालाच माहीत नसते. साठीत दात गेलेली बाई पुढे पंधरा-वीस वर्षे सहज जगते आणि तेवढी सारी वर्षे तिला दोन वेळ जेवायचे असते. चावता येत नाही म्हणून ज्वारीची भाकर, शेंगदाणे, मोडाची मटकी, काकडी, मटणाचा तुकडा एकेक करून ताटातून जाते. मागे राहतो मऊ भात आणि चहात बुडवलेला टोस्ट. अंगाला लागणारी प्रथिने कमी पडतात, पोट साफ होत नाही आणि शुगर असेल तर अशा खाण्याने ती आणखी वाढते. घरचे म्हणतात, आजी वाळत चालली. वय झाले म्हणून वाळली असे सगळ्यांना वाटते. तिच्या ताटात काय उरले ते कोणी पाहत नाही.

कोणी म्हणेल, जरा हे दुःख तथागतांनीच सांगितले, मग दात पडल्याचे एवढे काय? खरे आहे. पाली सुत्तांत म्हातारपणाचे वर्णन येते तेव्हा केस पिकणे, कातडीला सुरकुत्या पडणे यांच्या जोडीला दात तुटणेही येते. पण त्याच तथागतांनी भिक्खूंच्या तोंडाला वास येऊ लागला तेव्हा दातवणाची काडी वापरायला सांगितली. चुल्लवग्गात तर ती काडी किती लांब असावी तेही ठरवून दिले आहे, जास्तीत जास्त आठ अंगुळे आणि कमीत कमी चार. दातवण न करण्याचे पाच तोटे तिथे सांगितले आहेत आणि त्यांतला एक म्हणजे अन्नाची गोडी लागत नाही. जपानमध्ये वाकायामा इथल्या नाकाओका तेई नावाच्या एका बौद्ध भिक्षुणीची लाकडात कोरलेली पूर्ण कवळी आजही जपून ठेवलेली आहे. ती भिक्षुणी १५३८ साली वारली. म्हणजे जरेचा स्वीकार आणि दात लावून जेवणे या दोन गोष्टी एका माणसात राहू शकतात, हे जुन्या काळापासून चालत आले आहे.

आपल्याकडे दात जातात ते बहुतेक दोन कारणांनी. एक कीड, आणि दुसरे हिरड्यांचा आजार, ज्याला आपण पायरिया म्हणतो. पायरियात दात दुखत नाही, नुसता हलू लागतो. म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही आणि चांगला दिसणारा दात एक दिवस हातात येतो. शुगर ताब्यात नसली तर हे फार लवकर होते. त्यात आपल्या वऱ्हाडात भर पडते खर्ऱ्याची. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घासून दिलेला खर्रा पानठेल्यावर मिळतोच. बाया नस किंवा गुल हिरड्यांना घासतात. "त्याने दाताची कळ राहते" असे म्हणतात. कळ काही वेळ बधिर होते आणि तंबाखू आपले काम करत राहते.

एक दात गेल्यावरही तोंडात बदल सुरू होतात. शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, समोरचा दात त्या खड्ड्याकडे लांबतो. जबड्याचे जे हाड दाताला धरून होते ते काम संपल्यासारखे झिजत जाते. सगळे दात गेल्यावर खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजते. म्हणून दात गेल्यावर दहा वर्षे थांबून "आता बसवून द्या" म्हणणाऱ्या माणसाची खालची कवळी बसवणे सगळ्यात अवघड जाते. दात काढल्यावर जखम भरायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. त्याहून उशीर करण्यात फायदा काहीच नाही.

आता कवळीबद्दल. काढता-घालता येणारी पूर्ण कवळी म्हणजे गुलाबी अॅक्रिलिकची बैठक आणि त्यावर बसवलेले दात. ही एका दिवसात होत नाही आणि होऊही नये. आधी तोंडाचे साधे माप घेतात. त्यावरून तुमच्यापुरता ट्रे तयार करून दुसरे, बारकाईचे माप घेतात. तिसऱ्या खेपेला मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून वरचा जबडा खालच्यावर कसा आणि किती उंचीवर मिटतो ते ठरवतात. सगळ्यात महत्त्वाची खेप हीच. इथे चूक झाली तर कवळी कितीही सुंदर असो, जेवताना खटखट वाजेल आणि गाल बसलेले किंवा तोंड फुगलेले दिसेल. चौथ्या वेळी दात मेणात लावून दाखवतात. त्या दिवशी घरातले कोणी तरी सोबत न्या, आरसा मागा, बोलून पाहा. दाताचा रंग फार पांढरा वाटत असेल, ओठ वेगळा दिसत असेल तर तेव्हाच सांगा, कारण मेणातले दात हलवता येतात. पाचव्या खेपेला कवळी हातात मिळते. त्यानंतरही टोचते तिथे घासून घ्यायला दोन-तीनदा जावे लागते. रोजंदारीवर जाणाऱ्याला एवढ्या खेपा जड जातात हे कळते. तरी खेपा वाचवून केलेली कवळी बहुधा डब्यात पडून राहते.

पहिला महिना कठीण असतो. तोंडात परकी वस्तू आल्याने लाळ सुटते, "स" आणि "श" नीट येत नाही, मळमळल्यासारखे होते. यावर उपाय म्हणजे घरात मोठ्याने वाचणे. वंदना रोज मोठ्याने म्हणा, आठ-पंधरा दिवसांत जीभ वळणावर येते. जेवण आधी मऊ: खिचडी, कण्या, चून कालवलेली भाकर. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावा. एकाच बाजूने चावले की दुसरी बाजू उचलते. पुढच्या दातांनी मक्याचे कणीस किंवा पेरू तोडायला जाऊ नका, सुरीने काप करून मागे चावा. पूर्ण कवळीची ताकद स्वतःच्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी असते. हे आधीच माहीत असले तर निराशा होत नाही. वरची कवळी टाळूला चिकटून छान राहते. खालची सैल वाटते, कारण तिला बसायला जागा कमी आणि मध्ये जीभ हलत असते. ती गालाने आणि जिभेने सांभाळायची सवय लागते, पण सगळ्यांनाच लागते असे नाही.

टोचले म्हणून घरी ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने घासू नका. जखम झाली तर कवळी काढून ठेवा, पण डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी थोडा वेळ घाला, म्हणजे नेमके कुठे टोचते त्याची खूण त्यांना दिसते. रात्री झोपताना कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची. दिवसरात्र घालून ठेवली तर टाळू लाल होतो आणि बुरशी धरते. धुताना मऊ ब्रश आणि अंगाचा साबण पुरे. दंतमंजन नको, त्याने ओरखडे पडतात. गरम पाणी नको, त्याने आकार बिघडतो. बादलीत किंवा परातीत पाणी घेऊन त्यावर धरून धुवा; हातातून सुटली तरी फरशीवर पडून तुटणार नाही. पाच-सात वर्षांत हाड आणखी झिजते, तेव्हा आतून नवा थर भरून घ्यावा लागतो किंवा नवी करावी लागते.

सगळे दात गेलेले नसतील तर उरलेले चांगले दात उपटून "एकदाच पूर्ण सेट" करायची घाई करू नका. दोन-चार मजबूत दात असले तरी त्यांना धरून अर्धी कवळी पक्की बसते. एखाद-दुसरा दात गेला असेल तर शेजारच्या दातांवर कॅप घेऊन मधला दात जोडता येतो, याला ब्रिज म्हणतात. ब्रिज काढावा लागत नाही, पण त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात, हे लक्षात घेऊनच हो म्हणा. एका दाताची छोटी काढघालीची प्लेट स्वस्त पडते. ती मात्र झोपताना नक्की काढा. झोपेत गिळली गेल्याने माणसे दवाखान्यात पोचतात.

इथे एक गोष्ट कडक शब्दांत सांगावी लागते. आठवडी बाजारात, यात्रेत, रस्त्याच्या कडेला पेटी मांडून बसणारे काही लोक "अर्ध्या तासात फिक्स दात" देतात. ते पावडर आणि पातळ द्रव कालवून तो लगदा सरळ तोंडात भरतात आणि त्यात दात रोवतात. तो लगदा तोंडातच गरम होऊन कडक होतो, शेजारच्या चांगल्या दातांभोवती आणि हिरडीवर पसरतो आणि तिथेच अडकतो. मग ना ब्रश आत जातो, ना अडकलेले अन्न बाहेर येते. काही महिन्यांत वास सुटतो, हिरडी कुजते आणि ज्या दातांच्या आधाराने ते बसवले ते दातही हलू लागतात. एका दातासाठी गेलेला माणूस तीन दात गमावून येतो. त्यात हत्यारे उकळलेली नसतात. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचे आणि एचआयव्हीचे भय अशा ठिकाणी खरे असते. असा धंदा कायद्यात बसत नाही. दात बघणाऱ्याकडे बीडीएस किंवा एमडीएस ही पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. तो विचारायला लाजू नका. पेटीवाल्याकडे आपली माणसे जातात ती मूर्ख म्हणून जात नाहीत, दवाखान्याचा खर्च आणि तिथल्या बोलण्याची भीती त्यांना तिकडे नेते. म्हणून स्वस्त आणि बरी जागा कुठली ते माहीत असणे महत्त्वाचे.

अशी जागा म्हणजे दंत महाविद्यालये. अमरावतीत तपोवन-वडाळी भागात विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आहे. अकोल्याजवळ कान्हेरी सरप इथे डॉ. राजेश रामदासजी कांबे दंत महाविद्यालय आहे. नागपूरला मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी कवळीचे काम बाहेरच्या खाजगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात होते. "शिकाऊ पोरं करतात" म्हणून लोक बिचकतात. काम विद्यार्थी करतात हे खरे, पण प्रत्येक टप्पा शिक्षकाने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. वेळ जास्त लागतो, आणि कवळीच्या बाबतीत वेळ लागणे चांगलेच. आपल्या वस्त्यांतली मुले-मुलीही शिष्यवृत्तीवर बीडीएस शिकतात. एखादी ओळखीची निघाली तर आजीची अर्धी भीती तिथेच जाते. अमरावतीच्या इर्विनमध्ये आणि अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये दंत विभाग आहेत. दात काढणे, तपासणी, पुढे कुठे जायचे याचा सल्ला यासाठी आधी तिथे दाखवता येते.

केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. ६० वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील किंवा महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी ती आहे. तिच्या शिबिरात काठी, चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर वाटतात हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच यादीत दातांची कवळीही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. शिबिर लागले की मंडळाच्या कार्यकर्त्यांनी कवळीची गरज असलेल्यांची नावे वेगळी लिहून द्यावीत आणि ती कधी, कुठे मिळेल ते विचारून घ्यावे. काठी हातात देऊन पाठवणे सोपे असते. कवळीसाठी माप घ्यावे लागते, म्हणून ती मागितल्याशिवाय मिळत नाही. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना वेगळी आहे. तिच्यात ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीच्या खात्यात ३,००० रुपये येतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेवर मात्र कवळी किंवा इम्प्लांटसाठी विसंबू नका. तोंडाच्या कॅन्सरच्या उपचारासाठी ती कामी येते.

आता इम्प्लांट, ज्याच्या पाट्या हल्ली प्रत्येक चौकात दिसतात. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियम धातूचा स्क्रू. त्यावर कॅप चढवतात आणि तो दात मुळापासून उगवल्यासारखा पक्का राहतो. याचा शोध दातासाठी लागलाच नाही. स्वीडनचे डॉ. ब्रेनमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात रक्त कसे फिरते ते टायटॅनियमच्या नळीतून पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर ती निघेना, हाड तिला घट्ट धरून बसले होते. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो माणूस २००६ साली वारला, तोवर चाळीस वर्षे त्याचे ते दात टिकले. तेव्हा इम्प्लांट फसवणूक आहे असे कोणी सांगत असेल तर ते चूक. चांगला उपचार आहे. प्रश्न आहे तो कोणाला, किती आणि कोणत्या पैशाने.

खाजगी दवाखान्यात एका इम्प्लांटला कॅपसह साधारण वीस-पंचवीस हजारांपासून पुढे लागतात. सगळे दात अशा पद्धतीने फिक्स करायचे तर लाखांत जाते. बचत गटाचे किंवा आठवडी हप्त्याचे कर्ज काढून हे करू नका, हे मी स्पष्ट सांगतो. हप्ता थकला म्हणून घरातले भांडे विकावे लागेल आणि हाडात बसलेला स्क्रू काही परत करता येणार नाही. ज्यांची ऐपत आहे त्यांनी जरूर करावे, पण आधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. सांगितलेल्या रकमेत कॅप धरली आहे का? स्कॅन आणि हाड कमी असल्यास भरायचे हाड, त्यांचे पैसे वेगळे का? कोणत्या कंपनीचा स्क्रू, त्याचे कार्ड मिळेल का? ते कार्ड जपून ठेवा, दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरला त्याशिवाय जुळणारा भाग सापडत नाही. हाडाने स्क्रू धरायला बहुधा तीन ते सहा महिने जातात, तेव्हा "एका दिवसात दात" ही जाहिरात वाचून लगेच पैसे भरू नका. शुगर ताब्यात नसेल, जबड्याला कॅन्सरची शेक दिलेली असेल किंवा हाडे ठिसूळ झाल्याची इंजेक्शने चालू असतील तर डॉक्टरला पहिल्या भेटीतच सांगा. तंबाखू खाणाऱ्याचे इम्प्लांट जास्त वेळा फसते. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालच्या हिरडीला पायरियासारखाच आजार होतो, म्हणून घासणे सुटत नाही.

कवळी आणि पूर्ण इम्प्लांट यांच्या मधली एक वाट आहे आणि ती पाट्यांवर क्वचितच दिसते. ज्यांची खालची कवळी काही केल्या थांबत नाही त्यांना खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट बसवतात. त्यांच्या गोल डोक्यांवर कवळी टिचबटणासारखी टच्च बसते आणि धुवायला काढताही येते. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, सगळे दात गेलेल्या माणसाच्या खालच्या जबड्यासाठी पहिली पसंती हीच असावी असे म्हटले होते. आपल्यासाठी क्रम असा ठेवावा असे मला वाटते: आधी नीट केलेली साधी कवळी, ती सहा महिने मनापासून वापरून पाहायची, खालची राहिलीच नाही तर मग या दोन इम्प्लांटची चौकशी. जुनी कवळी चांगली असेल तर तीच पुढे जोडून घेता येते, पैसे वाया जात नाहीत.

खर्रा खाणाऱ्यांसाठी एक तपासणी घरीच करता येते. स्वतःची मधली तीन बोटे जोडून उभी धरा आणि तोंडात घालून पाहा. तिन्ही सहज गेली पाहिजेत. दोनच जात असतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, गाल आतून पांढरट आणि ताठ लागत असतील तर सुपारीने गाल आवळत चालले आहेत. असे तोंड पुढे इतके मिटते की माप घ्यायचा ट्रेच आत जात नाही, मग कवळी कोण करणार? आणि कॅन्सरकडे जाणारी वाटही हीच आहे. हे पंचविशीच्या पोरांतही दिसते, आजोबांपुरते नाही. पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर दात बसवायचा विषय बाजूला ठेवून आधी ते दाखवा.

कवळीसाठी जाताना आधार कार्ड, शुगर-बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि घरात असेल तर आजीचा दात असतानाचा एखादा जुना फोटो सोबत न्या. लग्नातला असो, दीक्षाभूमीवर काढलेला असो, हसताना काढलेला असला की झाले. दात किती मोठे होते, पुढचे दोन थोडे पुढे होते का, मध्ये फट होती का, हे डॉक्टर त्यावरून पाहतात आणि मेणात तसेच लावून देतात.